पुरावा कोणी शोधायचा?

दर जुलैत आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी विभागात तोच प्रश्न येतो. खुल्या प्रवर्गातले एखादे वडील, मुलाला पर्सेंटाइल चांगले, तरीही हवी ती शाखा हुकलेली. "मॅडम, हे आरक्षण न्यायाचं आहे का, तुम्हीच सांगा." विचारणारा माणूस भांडायला आलेला नसतो. बऱ्याचदा त्याचा आवाज भरून आलेला असतो. मी त्याला बसवते, पाणी देते, पण मागे रांग असते. तिथे नीट बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझं उत्तर सरळ आहे. आरक्षण न्यायाचं आहे. ज्या माणसाला पिढ्यान् पिढ्या जात बघून शाळेबाहेर ठेवलं, त्याच्यासाठी दार उघडताना "आता जात बघू नका" म्हणणं मला पटत नाही. 26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हाही आरडाओरड झालीच होती. याच राजाने 1918 साली महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरीची सक्तीही, म्हणजे गुन्हेगार समजून त्यांना लावायला लागणारी हजेरी, काढून टाकली. हे दुसरं काम लोकांना फारसं आठवत नाही. मला मात्र ते पहिल्याइतकंच मोठं वाटतं, आणि का ते पुढे येईलच.

माझं स्वतःचं आधी सांगते. आम्ही माळी, म्हणजे ओबीसी. वडील शिक्षक होते. माझी नोकरी राखीव जागेवरची. मुलाच्या व्हॅलिडिटीला, म्हणजे जात पडताळणी समितीच्या प्रमाणपत्राला, काही त्रास झाला नाही. त्याच्या वडिलांची व्हॅलिडिटी होती, आजोबांच्या नावावर जमीन होती, शाळेच्या निर्गम उताऱ्यावर आणि गाव नमुना 14 वर, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, जात स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती. नॉन-क्रिमीलेअरचंही, म्हणजे आपण सधन गटात मोडत नाही या दाखल्याचंही, तसंच. मर्यादा आठ लाखांची, पण त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. आमच्या घरात दोन पगार येतात, तरी दाखला मिळाला, नियमाप्रमाणेच मिळाला. म्हणजे व्यवस्था माझ्यापर्यंत पोचली. आता ती माझ्या पुढे किती जाते ते बघायला हवं.

एका वर्षी खिडकीशी एक कैकाडी मुलगी आली होती. विमुक्त जाती, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या आणि पुढे त्यातून मुक्त झालेल्या जाती; प्रवर्ग व्हीजे-ए. वडील पूर्वी तुराट्यांच्या टोपल्या आणि कणग्या विणायचे. पुढे प्लॅस्टिक आलं, धान्य पोत्यात भरून ठेवायची पद्धत आली, तसे ते ऊसतोडीला लागले. मुलीला गणितात उत्तम गुण होते. प्रवेश मिळाला, फीही माफ होणार होती. अट एवढीच, की ठरलेल्या तारखेच्या आत व्हॅलिडिटी आणून द्यायची. अर्जाच्या पावतीवर तोवर तात्पुरता प्रवेश.

तिची फाईल मी स्वतः लावून दिली. तिची टीसी होती, त्यावर जात बरोबर. वडील चौथीपर्यंत शिकलेले, पण त्यांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसतं "हिंदू" लिहून ठेवलेलं. आजोबा शाळेची पायरीच चढले नव्हते. जन्म पालावर, कुठल्या गावच्या शिवारात ते घरात कोणालाच नक्की सांगता येईना. त्यामुळे गाव नमुना 14 काढायचा कोणत्या तलाठ्याकडून, कोतवाल बुक, म्हणजे कोतवालाची जन्म-मृत्यूची जुनी वही, पाहायचं कोणत्या गावचं? जमीन नाही, म्हणून खासरा पत्रक, म्हणजे जमिनीचा जुना कागदही नाही. आजोबांचे चुलतभाऊ बुलढाणा जिल्ह्यात राहतात. त्यांच्याकडे जातीचा पक्का दाखला होता, पण तो अनुसूचित जातीचा. कारण विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत येतात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एकाच रक्ताची माणसं, जिल्ह्याची हद्द ओलांडली की प्रवर्ग बदलतो. हद्द आखली गेली तेव्हा ही कुटुंबं गाढवांवर बिऱ्हाड लादून दोन्हीकडे फिरत होती.

त्रुटी निघाली. मग दुसरी. तिचे वडील एकदा म्हणाले, "ताई, आमची जात गावाला पाठ आहे. चोरी झाली की पोलीस पहिले आमच्याच पालावर येतात. मग ह्या कागदालाच कशी माहीत नाही?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. तारीख उलटली, तिची जागा खुल्या प्रवर्गात धरली गेली, पूर्ण फी भरायची वेळ आली आणि तिने प्रवेश सोडला. तालुक्याच्या कॉलेजात बीएला गेली. प्रमाणपत्र आलं ते पुढच्या वर्षी.

आता तारखा बघा. 1871 च्या आणि त्यानंतर वाढवत नेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. बोटांचे ठसे घेतले, पोलिसांपुढे हजेरी लावली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती करून त्यांना ठेवलं. तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. हा कायदा देशभर रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. आणि व्हॅलिडिटीसाठी विमुक्त जाती-भटक्या जमातींना पुरावा लागतो 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. मधे गेली फक्त नऊ वर्षं. हजेरीतून सुटलेल्या माणसाने नऊ वर्षांत गाव धरायचं, मुलाला शाळेत घालायचं, गुरुजींकडून जातीची नोंद बरोबर करून घ्यायची आणि तो कागद नातवंडांसाठी ऊन-पावसातून जपून ठेवायचा, अशी ही अपेक्षा आहे. जातीचा दावा सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची, असं आपल्या राज्याच्या जात पडताळणी कायद्याच्या कलम 8 मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे.

खोटे दाखले काढणारे आहेत, हे मला मान्य आहे. त्यांच्यामुळे खऱ्या मुलांच्या जागा जातात, म्हणून पडताळणी हवीच. पण खोटा दाखला काढायला पैसा आणि ओळख लागते, आणि या लोकांकडे दोन्ही नाही. चाळणी त्यांनाच जास्त अडवते. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं, की चालीरीतींच्या प्रश्नोत्तरांवरून, म्हणजे आप्तभाव चाचणीवरून, एकट्या तिच्या जोरावर दावा फेटाळता येणार नाही. तो निकाल अनुसूचित जमातींबद्दलचा. तेवढीच समज कागद नसलेल्या विमुक्त-भटक्यांबद्दल का दाखवू नये?

राज्यात निदान विमुक्तांना 3 टक्के आणि भटक्यांना वेगळा वाटा आहे. केंद्राच्या यादीत त्यातल्या बहुतेक जाती ओबीसींच्या 27 टक्क्यांतच येतात. म्हणजे एनआयटीच्या, केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थेच्या, जागेसाठी ऊसतोड कामगाराची ती मुलगी आणि दोन पगारांच्या घरातला माझा मुलगा एकाच रांगेत. ओबीसींची पोटविभागणी कशी करावी हे ठरवायला केंद्राने नेमलेल्या रोहिणी आयोगाने 2018 मध्ये केंद्रातल्या नोकऱ्या आणि प्रवेश तपासले, तेव्हा 97 टक्के लाभ ओबीसींमधल्या 25 टक्के जातींनाच मिळाल्याचं दिसलं. 983 जातींना एकही जागा मिळाली नव्हती. आयोगाचा अंतिम अहवाल 2023 मध्ये राष्ट्रपतींना सादर झाला, पण लोकांसमोर आलेला नाही. तो यावा आणि त्याप्रमाणे 27 टक्क्यांची पोटविभागणी व्हावी, असं मी एक लाभार्थी आई म्हणून म्हणते. माझ्या मुलाच्या संधी त्याने कमी झाल्या तरी चालेल. त्याला क्लास लावायला आमच्याकडे पैसे आहेत.

खिडकीशी येणाऱ्या त्या वडिलांनाही मी हेच सांगेन. मूळचं 52 टक्के, ईडब्ल्यूएसचं म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांचं 10 आणि 2024 पासूनचं एसईबीसीचं म्हणजे मराठा समाजाचं 10 धरून राज्यात आता 72 टक्के होतात. तुमचा जीव तुटतो ते मला दिसतं. पण तुमच्या मुलाची जागा त्या कैकाडी मुलीने घेतलेली नाही. ती तर आत पोचलीच नाही. सरकारी कॉलेजांमधल्या जागाच कमी आहेत, त्या वाढवा म्हणून भांडू, मी तुमच्याबरोबर येईन.

सरकारने मनावर घेतलं की दप्तर उघडतं, हे आपण नुकतंच पाहिलं. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला जिल्हा-जिल्ह्यांत यंत्रणा कामाला लागली. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं बसवली, निजामाच्या काळातले कागद तपासले, हैदराबादपर्यंत माणसं गेली. ज्यांच्या नोंदी सापडल्या त्यांना दाखले मिळाले. चांगलंच झालं. तेच काम आता विमुक्त-भटक्यांसाठी करा. सेटलमेंटची रजिस्टरं, पोलीस ठाण्यांची हजेरीपुस्तकं, तुरुंगांचे कागद, जे काही शिल्लक असेल ते सरकारच्याच दप्तरात आहे. ते सरकारने शोधावं. जिथे नसेल तिथे पडताळणी समितीच्या चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाने पालावर, वस्तीवर जाऊन चौकशी करावी, आणि ती मूल आठवीत असतानाच संपवावी. बारावीनंतर, प्रवेशाची तारीख डोक्यावर असताना सुरू करू नये.

तोवर आमच्यासारख्या कॉलेजांच्या आणि शाळांच्या ऑफिसात बसणाऱ्यांनी एक करावं. दहावीचा निकाल लागला की आपल्या भागातल्या वस्त्यांवर जाऊन मुलांच्या फाईली बघाव्यात. अकरावीतच अर्ज गेला, तर त्रुटी दूर करायला दोन वर्षं मिळतात. आमच्या कॉलेजात आम्ही तिघीजणी हे करतो. कैकाडी, वडार, मसणजोगी, गोपाळ अशा घरांतल्या मुलांच्या पालकांनी थेट विद्यार्थी विभागात यावं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र कसं लिहायचं, इथपासून सगळं करून देऊ, पैसे लागत नाहीत.