काडी ओढायच्या आधीची पंधरा मिनिटं – माझा अनुभव

मागच्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी थरारकथा लिहायला घेतली होती, ती पूर्ण व्हायला जवळजवळ चार महिने लागले. तेवढ्या काळात सस्पेन्स म्हणजे काय याबद्दलची माझी समजूत पार उलटीपालटी झाली, म्हणून सविस्तर लिहितेय, कोणी असं काही लिहायला बसलं असेल तर उपयोगी पडेल.

कथा तशी साधी. कोकणातलं घर, ऑगस्टचा पाऊस, खिडक्या गच्च लावलेल्या, लाईट गेलेली, आजी घरात एकटी. स्वयंपाकघरात सिलिंडरची नळी उंदराने कुरतडलीय आणि गॅस पसरतोय. कोविड होऊन गेल्यापासून आजीला वास येत नाही. आणि दिवेलागणीची वेळ झालीय.

पहिल्या खर्ड्यात मी यातलं सगळं लपवलं. नळी नाही, उंदीर नाही, आजीच्या नाकाचंही काही नाही. सात पानं आजीच्या आठवणी, बाहेर पाऊस, आणि शेवटच्या ओळीत ती काडी ओढते आणि स्फोट. मला वाटलं वाचणारा हादरून जाईल. ताईला पाठवली, तिने इमानदारीत सांगितलं, "शेवट जोरदार आहे गं, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर मी दोनदा फोन बघितला." मला फार लागलं ते. आठवडाभर फाईल उघडलीच नाही.

मग थरारपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला १९६२ मध्ये दिलेली मुलाखत वाचली. त्यातलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण बऱ्याच जणांना माहीत असेल. दोघं गप्पा मारतायत, टेबलाखाली बॉम्ब आहे, प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोट झाल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का, आणि आधीच माहीत असेल, समोर घड्याळही दिसत असेल तर त्याच फालतू गप्पांमध्ये पंधरा मिनिटं जीव टांगणीला. हे वाचल्यावर मला एकदम आमच्या गावच्या देवळातलं कीर्तन आठवलं. बुवा अभिमन्यूचं आख्यान लावायचे. देवळातल्या एकूण एक माणसाला माहीत की या पोराला चक्रव्यूहात शिरायचं कळतं, बाहेर यायचं नाही, आणि मागून येणाऱ्या भीमाला जयद्रथ दारातच अडवणार आहे. तरी अभिमन्यू रथात चढला की सगळं देऊळ चिडीचूप व्हायचं, आणि बुवा नेमके तिथेच थांबून नामाचा गजर लावायचे, लोक टाळ्या वाजवतायत पण जीव सगळा त्या रथात. शेवट माहीत असूनही दरवर्षी तेच व्हायचं. म्हणजे मी जे लपवत होते तेच आधी सांगायला हवं होतं, आणि हे मी लहानपणापासून मांडी घालून ऐकत आले होते.

दुसऱ्या खर्ड्यात पहिल्याच पानावर उंदीर आणला. पण मग मी घाबरवायच्या मागे लागले. तुटक तुटक वाक्यं, तीन-तीन टिंबं, उद्गारचिन्हं, "तिला काय ठाऊक की काळ दबा धरून बसलाय" असली वाक्यं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर सगळी भीती मलाच वाटत होती, वाचणाऱ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. ते सगळं काढलं.

याच सुमारास सिलिंडर द्यायला येणाऱ्या दादांना सहज विचारलं आणि त्यांच्याकडून सोनं मिळालं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. मूळ गॅसला धड वासच नसतो, आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेला वास. आणि नुसती काडीच नाही, लाईटचं बटण किंवा फ्रिज चालू होतानाची बारीकशी ठिणगीसुद्धा पुरते. मी देवघर लगेच पाटावरून जमिनीवर आणलं, स्वयंपाकघराला लागूनच, उंबऱ्यापलीकडे. आणि गेलेली लाईट, जी मी नुसती वातावरणासाठी घातली होती, तीच आता दुसरं घड्याळ झाली, कारण लाईट कधीही येणार आणि फ्रिज सुरू होणार.

आजीला वास येत नाही हे मात्र अलगद पेरावं लागलं. तिसऱ्या परिच्छेदात दूध करपतं, शेजारची सून दारातूनच ओरडते "काकू, दूध लागलं!" आणि आजी भांडं उतरवते. बस, तेवढंच.

मग काडीचा प्रसंग. इथे घाई करायची नाही असं ठरवलं. आजीचे हात जे रोज करतात ते सगळं होऊ दिलं. असं झालं ते:

"तिने समई पुसली. कालची काजळी बोटाला लागली ती पदराला न पुसता जुन्या फडक्याला पुसली, कापूस घेतला, मांडीवर वात वळली, जरा जाड झाली म्हणून उलगडून परत वळली, तेल घातलं. काडेपेटी सर्द झाली होती. पहिली काडी ओढली तर गुलच निघून आलं."

पूर्ण कथेत याच परिच्छेदावर माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. वात उलगडून परत वळणं हे मी माझ्या आजीचं बघितलेलं, ते लिहिल्यावर वेळ आपोआप लांबली, एकही भीतीचा शब्द न वापरता.

तिसरा खर्डा ताईला फोनवर वाचून दाखवला. दुसऱ्या काडीपाशी ती मध्येच ओरडली, "अगं खिडकी उघडा ना कोणीतरी!" मी वाचायची थांबले. तिकडे ती म्हणतेय, थांबलीस का, वाच ना. तो क्षण मी कधीच विसरणार नाही.

राहिला शेवट. हिचकॉकचा १९३६ चा 'सॅबोटाज' नावाचा सिनेमा आहे, त्यात एक लहान मुलगा नकळत बॉम्बचं पार्सल घेऊन लंडनभर फिरतो, वाटेत अडकत राहतो, आणि बसमध्ये खरंच स्फोट होऊन तो मरतो. ती आपली चूक झाली असं हिचकॉकने त्याच त्रुफोला सांगितलंय, इतका वेळ प्रेक्षकाला ताणून धरल्यावर त्याला सुटका द्यायला हवी होती म्हणून. मला हे पटलं. इतकी पानं आजीसाठी देव पाण्यात घालून बसलेल्या माणसाला शेवटी स्फोट देणं मला जमेना. म्हणून तीनही काड्या सर्द निघतात, आजी काडेपेटी मागायला शेजारी जाते, सून तिच्यासोबत येते, उंबऱ्यावरच तिला वास येतो, आणि आजीचं लक्ष तिकडे नाही, ती आत जाऊन बॅटरी शोधायला लागलीय. सून तिला हाताला धरून मागच्या मागे अंगणात खेचते, पावसात. आणि मग लाईट येते की नाही ते कथेत आहे, इथे सांगत नाही.

संपादकांनी घेतली, पण साडेचार हजार शब्दांची तीन हजार करून मागितली. आठवणींचं दीड पान गेलं, सुनेच्या माहेरची गोष्ट गेली. समईचा परिच्छेदही थोडा आवरा म्हणाले. मी बाकी सगळं कापून दिलं, आणि वात परत वळते ते वाक्य राहू द्या म्हणून फोन केला. राहिलं ते.