व्हिस्की साइडकार, मृग बहार आवृत्ती

मंडळी, साइडकार या कॉकटेलमधली कोन्याक, म्हणजे फ्रेंच ब्रँडी, काढून तिथे व्हिस्की बसवायचं काम अखेर मनासारखं जमलंय. प्रमाण पुढे देतोच. गाडं अडलं होतं ते लिंबापाशी, त्यामुळे नुसत्या बाटल्या बदलून फार फरक पडत नव्हता.

मूळ कृती सुटसुटीत आहे: कोन्याक, क्वांत्रो (संत्र्याच्या सालीचं गोड मद्य, म्हणजे लिक्युअर) आणि पिवळ्या लेमनचा रस. १९२२ साली लंडनमध्ये छापलेल्या कृतींत तिन्ही समसमान आहेत. १९३० च्या सॅव्हॉय हॉटेलच्या पुस्तकात ब्रँडी दोन भाग आणि बाकीचे एकेक. मी या दुसऱ्या मापापासून सुरुवात केली, कारण समसमान मापात व्हिस्की पार मागे पडते.

आता लिंबाचं. लेमन आणि आपलं कागदी लिंबू, दोघांच्याही रसात आम्ल साधारण सहा टक्के. पण लेमनमध्ये ते जवळजवळ सगळं सायट्रिक असतं. कागदीच्या जातभाईंमध्ये, म्हणजे लाइममध्ये, दोन टक्क्यांच्या आसपास मॅलिक असतं, तेच हिरव्या सफरचंदातलं. शिवाय पिळणीत दाबलं की सालीचा कडसरपणाही रसात उतरतो. रमला हे छान मानवतं, रम आणि लाइमची डायकिरी त्याच्याच जोरावर उभी आहे. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीची गोष्ट वेगळी. ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरते, त्यामुळे तिच्यात लाकडाचा तुरटपणा आधीच असतो. त्यावर कागदीचा रस पडला की घोट जिभेच्या कडांना चिमटे काढतो आणि व्हॅनिलाचा वास कुठल्या कुठे जातो.

यावर उपाय सापडला तो संत्र्यात. बाजारात सध्या मृग बहाराचं नागपुरी संत्रं आहे, गोड आणि रसाळ. नुसता संत्र्याचा रस घातला तर पेय मिळमिळीत होतं, कारण त्यात आम्ल जेमतेम पाऊण टक्का. म्हणून १०० मिली गाळलेल्या रसात ५ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) विरघळवायचं. आंबटपणा लिंबाच्या जवळ येतो आणि चव मात्र संत्र्याची राहते. बाहेरच्या बारमध्ये ही युक्ती सर्रास वापरतात. आपण ती संत्र्याच्या मुलखात राहून वापरत नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. लिंबूसत्त्व किराणा दुकानात मिळतं, पण चमच्याने अंदाजे घालू नका, सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या. आणि रस त्या दिवशीचा त्या दिवशी संपवा. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की हळूहळू कडू होतो. रसातल्या आम्लामुळे लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होत जातं, फ्रीजमध्ये ठेवून ते थांबत नाही.

सगळंच कागदी काढून टाकलं तेव्हा पेय गुळगुळीत झालं, पण त्यातली धार गेली. निम्मं-निम्मं ठेवल्यावर दोन्ही गोष्टी साधल्या.

क्वांत्रोची किंमत बघता लिक्युअर घरीच केलं. संत्र्याची साल हाताने सोलून आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढला आणि ती वोडकात बुडवली. रंग पिवळाधमक झाला आणि सालीचे तुकडे फिकट पडले की गाळायचं. त्यापुढे साल ठेवली तर नुसता कडूपणा उतरतो. साखरेचा पाक घालू नका. आपल्याकडची वोडका ४२.८ टक्क्यांची असते, त्यात समभाग पाक गेला की जोर निम्म्यावर येतो. क्वांत्रो ४० टक्के आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून १०० मिलीला २५ ते ३० ग्रॅम साखर थेट वोडकातच घालायची आणि बरणी येता-जाता हलवत राहायची. वेळ लागतो, पण विरघळते.

व्हिस्कीत बर्बन आणि गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स, दोन्ही समोरासमोर लावून पाहिल्या. बर्बनमध्ये कॅरॅमल पुढे येतं आणि पेय गोडाकडे झुकतं. ब्रिलियन्स ४६ टक्क्यांची, धूर नसलेली. तिच्यातलं बार्लीचं भाजकं, मधाळ अंग संत्र्याला इतकं धरून राहतं की माझं मत तिलाच. अमृत फ्यूजनमध्ये थोडी धुरकट बार्ली असते. ती संत्र्याच्या तेलासोबत सुरेख लागते, पण ५० टक्क्यांची असल्याने ४५ मिलीवरच थांबा.

सध्याचं माप: व्हिस्की ५० मिली, घरचं लिक्युअर २५ मिली, आंबट केलेला संत्र्याचा रस १० मिली, कागदी लिंबाचा रस १० मिली. प्याल्याच्या अर्ध्याच कडेला साखर लावायची, म्हणजे पिणाऱ्याला हवं तसं तोंड फिरवता येतं. पूर्ण कड साखरेची केली तर एवढं जमवलेलं आम्ल फुकट जातं. ही साखरेची कड साइडकारच्याही आधीची, १९ व्या शतकातल्या न्यू ऑर्लिन्सच्या ब्रँडी क्रस्टा या कॉकटेलची.

बर्फाकडे दुर्लक्ष नको. ट्रेमधले छोटे ओलसर तुकडे शेकरमध्ये बघता बघता वितळतात आणि पेय पाणचट होतं. मी स्टीलच्या चपट्या डब्यात एकच लादी जमवतो, तिचे मोठे ढेकळासारखे तुकडे करतो आणि फ्रीजरमधून थेट शेकरमध्ये टाकतो. सगळं त्यात घालून हलवायचं, शेकरवर पांढुरकं दव धरलं की गाळायचं, बारीक गाळणीतूनच, नाहीतर संत्र्याचा चोथा तळाशी बसतो.

शेवटी साल. लहानपणी एकमेकांच्या डोळ्यांत पिळायचो तीच. सालीची बाहेरची बाजू प्याल्याकडे करून पटकन दुमडली की बारीक फवारा उडतो. उजेडाकडे धरून बघा, पेयावर तेलाचे गोल ठिपके तरंगतात आणि एकमेकांत मिसळतात. नाकाला संत्रं आधी भेटतं, व्हिस्की मागून येते. साल पेयात टाकू नका, कडू होतं.

आता ईडलिंबू आणायचंय. लोणच्यापलीकडे त्याचा कुणी विचार करत नाही, पण त्याची जाड, सुगंधी साल लिक्युअरमध्ये संत्र्यासोबत कशी उतरते ते बघायचं आहे. कुणी केलं असेल तर सालीचं वजन आणि वोडकाचं माप जरूर कळवा.