म्हातारी ‘नाही’ म्हणाली, आणि सभा थांबली

दिवाळी झाल्यावर गेलो. नागपूर, गडचिरोली, मग धानोऱ्याची एसटी; पोचेपर्यंत अंग आंबून गेलं होतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढा (लेखा) गावाची घोषणा कितीदा वाचली होती. हे सरकार चालतं कसं, ते बघायचं होतं.

संध्याकाळी ग्रामसभा बसली. विषय यंदाच्या बांबूतोडीचा. नाल्याकडच्या पट्ट्यात तोडायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी गोंडीत काहीतरी बोलली. शेजारच्या दादांनी मला मराठीत सांगितलं, “तिकडं यंदा पावसात वास्ते कमी निघाले म्हणते. एक साल राहू द्या.”

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मला वाटलं, आता हात वर करायला लावतील. पण इथे मतदानच नाही. सगळे राजी झाल्याशिवाय निर्णय होत नाही. तिला कुणी गप्प बसवलं नाही. उलट दोघा पोरांनी विचारलं, नेमकं कुठून कुठवर? तिनं बोटानं मातीत नाला काढला, वळणावर काडी रोवली. सकाळी चौघांनी तिच्यासोबत जाऊन बघायचं, विषय पुढच्या सभेत. झालं.

हा बांबू गावाला सहज मिळालेला नाही. १९२७च्या वन कायद्यानं बांबूला झाडात धरलं, म्हणजे ताबा वनखात्याचा. २००६च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे मध-तेंदूपानासारखा गावानं गोळा करून विकायचा माल; २००९मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा कुठे परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. एवढं झगडून मिळवलेला बांबू ही माणसं एका म्हातारीच्या शब्दाखातर उभा ठेवायला तयार होती.

रात्री झोप लागेना. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत पार्किंगसाठी कडुनिंब तोडायचा ठराव बहुमतानं झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकट्या विरोधात होत्या. झाड तोडू नये असं मलाही वाटत होतं. सभा लवकर आटपावी म्हणून मी हात वर केला. काकूंकडे बघितलंही नाही.

सकाळी म्हातारी काठी घेऊन निघाली, मागोमाग चार पोरं.

“आजी, मी येऊ?”

“चाल ना,” ती मराठीत म्हणाली.

धानोऱ्याची गाडी मी जाऊ दिली.