ठोके किती, त्याआधी ठोके कसे

घरातलं बीपीचं यंत्र शेवटी एक आकडा दाखवतं: पल्स ७६. साठ ते शंभरच्या मध्ये आहे ना, मग झालं, असं म्हणून बहुतेक जण पट्टा सोडतात. पण हा आकडा सरासरीचा आहे. ठोके सारख्या अंतराने पडले की कसेही, हे तो सांगत नाही. ७६ ठोके नियमित पडत असतील तर उत्तम. तेच ७६ वेड्यावाकड्या अंतराने पडत असतील तर ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘एएफ’ म्हणतात, आणि त्यात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. आकड्यात या दोघांत काहीच फरक दिसत नाही. तो बोटाला कळतो.

नाडी बघायला सेकंदकाटा असलेलं घड्याळ पुरतं. आधी पाच मिनिटं शांत बसा. अर्धा तास आधीपासून चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री काही नको, आणि जिना चढून आल्या आल्या बघू नका. डावा तळवा वर करून हात मांडीवर सैल ठेवा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेच्या हाडाला लागून आतल्या बाजूला टेकवा. अंगठ्याने बघायचं नाही. त्याची स्वतःची धमनी ठसठशीत असते, त्यामुळे बघणाऱ्याचाच ठोका बोटाला लागतो. दाब हलका हवा. जोर दिला की धमनी दबते आणि बारीक ठोके हरवतात. काहीच लागलं नाही तर बोटं थोडी सरकवा, जोर वाढवू नका.

मग पूर्ण एक मिनिट द्या. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय सोडावी, कारण तिथे एका ठोक्याची चूक चारची होते आणि मधूनच येणारा अनियमितपणा तेवढ्या वेळात निसटतो. माझा तर आग्रह आहे की पहिलं अर्धं मिनिट मोजूच नका. डोळे मिटून दोन ठोक्यांमधलं अंतर तेवढं जाणवू द्या, आणि मग पूर्ण मिनिट मोजा.

काय काय जाणवू शकतं? श्वास घेताना नाडी थोडी जलद आणि सोडताना थोडी मंद होत असेल, तर ते तरुण माणसात अगदी निरोगी लक्षण आहे. नियमित ठोक्यांत मधेच एक लवकर येऊन लहानसा थांबा पडतो आणि पुढचा ठोका जोरात लागतो, तो बहुतेक वेळा अवेळी पडलेला एखादा जादा ठोका असतो. ‘ठोका चुकला’ अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांचं मूळ हेच. हृदयाची रचना चांगली असेल तर असे अधूनमधून येणारे ठोके सहसा निरुपद्रवी असतात. तिसरा प्रकार महत्त्वाचा: कुठलीही दोन अंतरं सारखी नाहीत, ठोक्यांचा जोरही कमीजास्त, आणि पुढचा ठोका कधी येईल याचा अंदाजच बांधता येत नाही. असं आढळलं तर त्याच आठवड्यात ईसीजी काढा, त्रास काहीही नसला तरी. एएफमध्ये काही ठोके इतके अशक्त असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून डॉक्टर एकाच वेळी छातीवर स्टेथोस्कोप आणि मनगटावर बोट ठेवून मोजतात. छातीवर ११० आणि मनगटावर ८८ असाही फरक निघू शकतो.

एएफमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवीसारखी शाखा असते. तिच्यात रक्त साचतं, गुठळी धरते आणि सुटली तर थेट मेंदूकडे जाऊ शकते. कित्येकांना धडधड जाणवत नाही, त्यामुळे पक्षाघाताच्या दिवशीच निदान होतं. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच पासष्टीच्या पुढच्यांची नाडी डॉक्टरकडच्या भेटीत आवर्जून बघायला सांगतात. आपल्याकडे एवढ्यावर भागत नाही. लहानपणी सांधे धरणारा संधिवाताचा ताप येऊन गेला असेल आणि त्याने हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप अरुंद झाली असेल, तर तिशी-चाळिशीतही एएफ होतं. अशा घरात वयाची वाट बघू नये. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, दारू, या सगळ्यांनीही शक्यता वाढते.

आता ईसीजी. अंगाला लागतात दहा इलेक्ट्रोड, चार हातापायांना आणि सहा छातीवर. त्यांतून बारा लीड, म्हणजे एकाच हृदयाकडे बारा बाजूंनी बघणं होतं. तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात आणि दुखत काहीच नाही. शरीरात वीज सोडली जात नाही, यंत्र फक्त टिपतं. त्या दिवशी छातीला तेल, पावडर, मलम लावू नका. समोरून उघडणारा सदरा किंवा ब्लाउज घाला. पैंजण, कडं इलेक्ट्रोडला टेकू देऊ नका. छातीवर दाट केस असतील तर तेवढी जागा साफ करावी लागते, कारण केसांवर बसवलेला इलेक्ट्रोड नुसता खरखर देतो. स्त्रियांनी महिला तंत्रज्ञाची मागणी निःसंकोच करावी. इलेक्ट्रोड स्तनाच्या वर नाही, खाली, छातीच्या भिंतीला लागून बसवायचे असतात. संकोचापायी भलतीकडे बसवले तर आलेख बदलतो.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पहिले दोन इलेक्ट्रोड, व्ही-वन आणि व्ही-टू, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या आणि डाव्या कडेला, बरगड्यांच्या चौथ्या फटीत हवेत. जागा शोधायची ती अशी: गळ्याखालच्या खळगीपासून बोट हाडावरून खाली आणलं की चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट, आणि तिथून आणखी दोन फटी खाली आपली जागा. घाईत हे दोन्ही इलेक्ट्रोड बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लागतात आणि निरोगी माणसाच्या कागदावर ‘जुना हार्ट अटॅक?’ अशी शंका उमटते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांवर लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला आणि काळी उजव्या पायाला असते. लाल-पिवळी बदलली की लीड वनचा आलेख उलटा येतो. असा कागद हातात आला तर घाबरण्याआधी ईसीजी परत काढायला सांगा.

झोपल्यावर हात सैल सोडा, बोलू नका, मोबाइल बाजूला ठेवा. थंडगार एसीत अंग कापलं तर स्नायूंची थरथर रेषेवर येते आणि हात कापण्याचा आजार असलेल्या माणसात यंत्र तिलाच एएफ समजू शकतं. कागदाच्या वर यंत्राने छापलेलं निदान हा निव्वळ त्याचा अंदाज असतो. त्यावर विसंबू नका, डॉक्टरांनी आलेख वाचायलाच हवा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि ठळक चौकोन ०.२ सेकंदाचा. लय नियमित असेल तर दोन उंच टोकांमधले ठळक चौकोन मोजून ३०० ला त्याने भागा: चार चौकोन असतील तर गती ७५. लय अनियमित असेल तर ही युक्ती फसते. मग खालच्या लांब पट्टीवर दहा सेकंदांत, म्हणजे ५० ठळक चौकोनांत, किती टोकं आली ते मोजून सहाने गुणायचं. प्रत्येक टोकाआधी एक लहान गोल उंचवटा ठरावीक अंतरावर दिसला तर लय नैसर्गिक केंद्रातून येते आहे. एएफमध्ये तो उंचवटा दिसत नाही आणि टोकांमधली अंतरं विस्कटलेली असतात.

हा कागद उष्णतेने उमटणारा असतो, काही वर्षांत फिका पडतो. लॅमिनेट करायला दिलात तर काळाच पडेल. त्याच दिवशी फोटो काढा आणि झेरॉक्सही करून ठेवा. पुढे कधी छातीत दुखलं, तर हा जुना कागद नव्याशेजारी ठेवून बदल नवा की आधीचाच, हे डॉक्टरांना मिनिटात ठरवता येतं.

दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्यांतले दहा ईसीजीत सापडतात. त्यामुळे धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल आला, तर धडधड खोटी होती असं ठरत नाही. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जा, तिथे ईसीजीचं यंत्र कोणत्या वेळात उपलब्ध असतं हे आधीच विचारून ठेवा. तरुणांमध्ये एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी, मिनिटाला १५० ते २२० गतीची धडधड अशीच कागदावर पकडावी लागते. पकडली गेली तर अनेकदा कॅथेटरने, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीने, कायमची बरीही करता येते.

त्रास रोज किंवा दिवसाआड होत असेल तर २४ ते ४८ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी टिपणारं छोटं यंत्र, उपयोगी पडतं. आठवड्यातून एकदा होत असेल तर एका दिवसाच्या होल्टरवर पैसे घालवण्यात फारसा अर्थ नाही, छातीवर चिकटवून सात ते चौदा दिवस ठोके टिपणाऱ्या पॅचबद्दल विचारा. महिनोन्‌महिन्यांनी एकदा शुद्ध हरपत असेल, तर त्वचेखाली बसवायचा आणि साधारण तीन वर्षं चालणारा छोटा लूप रेकॉर्डर असतो. होल्टर लावायच्या आधी आंघोळ उरकून घ्या, मग ते काढेपर्यंत नाही. उन्हाळ्यात घामाने पट्ट्या सुटतात, जादा चिकटपट्टी मागून घ्या. आणि दिवसभर पडून राहू नका. जिने चढा, बाजारात जा, ज्या कामाने त्रास होतो ते काम करा. सोबतच्या वहीत वेळ आणि त्रास लिहा: ‘४.२०, पाणी भरताना फडफड, अर्धा मिनिट’. वही कोरी राहिली तर तपासणीचं निम्मं मोल गेलं. रिपोर्टमध्ये ‘व्हीपीसी ३००’, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून आलेले ३०० जादा ठोके, असं वाचून झोप उडवू नका, दिवसाला एकूण ठोके सुमारे एक लाख पडतात. जादा ठोक्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेलं, तर मात्र त्याने हृदय हळूहळू अशक्त होऊ शकतं आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून बघावा लागतो.

मनगटावरची घड्याळं हिरव्या प्रकाशाने नाडीचं अंतर मोजतात, काहींत तीस सेकंदांचा एका लीडचा ईसीजीही निघतो. हात टेबलावर टेकवून, दुसऱ्या हाताचं कोरडं बोट हलकेच ठेवून तो काढा आणि पीडीएफ जपून ठेवा. एएफ टिपायला तो उपयोगी आहे. हार्ट अटॅक मात्र त्यावर कळत नाही, त्यामुळे छातीत दुखत असताना घड्याळाने सगळं ठीक दाखवलं तरी थांबू नका. बीपीच्या यंत्रावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार येत असेल तर ईसीजी काढाच, आणि बीपीची एकच नोंद न धरता तीन नोंदींची सरासरी घ्या.

धडधडीसोबत छातीत दुखणं, धाप, घाम, चक्कर किंवा शुद्ध जाणं असेल, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

एएफ नक्की ठरलं की टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघतात. मग वय, बीपी, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांचे गुण मांडून रक्त पातळ करणारी गोळी लागेल का ते ठरतं. अ‍ॅस्पिरिन हा तिला पर्याय नाही. झडप बरीच अरुंद असेल तर जुन्या गोळ्यांपैकी वॉर्फरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉलच द्यावं लागतं, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते दाखवणारा तपासणीतला आकडा, बहुधा दोन ते तीनच्या दरम्यान ठेवावा लागतो. पालक, मेथीने या गोळ्यांचा परिणाम बदलतो. त्या सोडायची गरज नाही, पण रोजचं प्रमाण सारखं हवं. दुखण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. झडप ठीक असेल तर नव्या गोळ्या चालतात, त्यांना आयएनआर लागत नाही. पण चुकलेल्या गोळीचा परिणाम साधारण एका दिवसात उतरतो, म्हणून गावाला जाताना दोन-तीन दिवसांच्या जादा गोळ्या सोबत ठेवा.