पहिला पिक सेट कोणता घ्यायचा: माझा लॉग, भाग २

मंडळी, सेट ठरला, आला आणि वापरूनही झाला. मागच्या भागात पिन टम्बलर कुलूप (ज्यात स्प्रिंगने दाबलेल्या छोट्या पिना असतात ते) आतून कसं चालतं ते लिहिलं होतं, या भागात फक्त हत्यारं, कारण चावीशिवाय कुलूप उघडायच्या या छंदात येणारा प्रत्येक नवीन माणूस पहिलं हेच विचारतो की किती पीसचा घेऊ. माझं मत आता पक्कं आहे, पीस मोजूच नका. तीन हुक (एकेक पिन उचलायचे पिक), एक रेक (सगळ्या पिनांवरून एकदम फिरवायचा पिक) आणि वेगवेगळ्या जाडी-रुंदीचे पाच-सहा टेन्शनर (कुलपाला पीळ देणाऱ्या पट्ट्या), बास झालं. उरलेले पैसे कुलपांवर घाला.

पण सेटच्या आधी एक गोष्ट, जी परदेशातल्या व्हिडिओंमध्ये फारशी येत नाही. आपल्याकडे दाराला लटकवलेलं कुलूप बऱ्याचदा लिव्हरचं असतं. गोदरेजचं नवताल घ्या, त्यावर ६ लिव्हर, ७ लिव्हर, ८ लिव्हर असं छापलेलंच असतं, म्हणजे आत पिना नाहीतच, पितळी पट्ट्या आहेत आणि चावीने त्या प्रत्येकीला बरोबर आपापल्या उंचीवर उचलल्याशिवाय बोल्ट सरकत नाही. अलीगढहून येणारी कितीतरी कुलपं याच जातीची. बाजारात जो 'लॉकपिक सेट' म्हणून मिळतो, मग तो स्वस्तातला असो की भारीतला, तो पिन टम्बलरसाठी बनवलेला असतो आणि नवतालपुढे तो घेऊन बसणं म्हणजे वेळ घालवणं. लिव्हरची हत्यारं वेगळी असतात, तो विषय मोठा आहे आणि मी त्यात अजून उतरलो नाहीये.

ओळखायचं कसं तर चावी बघा. चपट्या पात्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतील तर पिन टम्बलर (किंवा ड्रॉवर-कपाटाच्या साध्या लॉकमध्ये वेफर, म्हणजे पिनांऐवजी पातळ चकत्या). दांडा आणि टोकाला खाचांचं पातं असेल तर लिव्हर. आणि पात्याच्या सपाट बाजूवर खळगे असतील तर डिंपल, त्यालाही पिनाच असतात पण साधा हुक त्यात नीट फिरत नाही, त्याचे पिक वेगळे. हल्ली नवीन फ्लॅटच्या दारांना डिंपलच जास्त दिसतं त्यामुळे सरावासाठी दातेवाल्या चावीचं सिलिंडर (चावी जाते तो कुलपाचा गाभा) मुद्दाम मागून घ्यावं लागतं. पुण्यात बोहरी आळीत फिरलो तर मिळालं, एका दुकानात काकांनी आतल्या कप्प्यातून जुना स्टॉक काढून दिला, सोबत दोन पितळी पॅडलॉकही घेतली. मुंबईकरांनी नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारावी.

आता सेट. ऑनलाइन जो हमखास पुढे येतो तो पंधरा-वीस पिकांचा, घडीच्या पाकिटातला, सोबत पारदर्शक कुलूप असलेला. असा एक ओळखीच्यांकडे होता तो मी दोन-तीन संध्याकाळी मनापासून वापरून बघितला. त्यातले निम्मे आकार एकमेकांसारखेच, स्टील मऊ, म्हणजे जरा दाब दिला की टोक वाकतं आणि परत सरळ होत नाही, कडा पत्रा कापल्यासारख्या धारदार, आणि टेन्शनर दोनच, तेही एकाच रुंदीचे. सगळ्यात मोठं नुकसान इथेच आहे. नवीन माणसाला वाटतं की आपल्याला जमत नाहीये, आणि खरं तर हातात पिनेची जाणीव पोचतच नसते.

म्हणून मी सुटे घेतले. लहान हुक, मधल्या उंचीचा हुक, एक उंच हुक आणि तीन उंचवट्यांचा एक रेक. स्पॅरोज, पीटरसन, साउथऑर्ड, जर्मनीचं मल्टिपिक ही पिक बनवणाऱ्यांची सगळी नावं या छंदात ओळखीची आणि भरवशाची, यातल्या कोणाचाही छोटा सेट घेतलात तरी चालेल. साउथऑर्डचा १४ पीसचा पीएक्सएस-१४ कित्येकांचा पहिला सेट राहिलाय. तो घेतलात तरी सुरुवातीला त्यातले तीन-चारच बाहेर ठेवा, बाकीचे पाकिटात राहू द्या. बाहेरून मागवताना शिपिंग आणि कस्टम धरूनच हिशोब करा, आणि शक्य असेल तर दोघा-तिघांनी मिळून एकच ऑर्डर द्या.

जाडीबद्दल जरा सविस्तर, कारण खरेदी करताना तिथेच गोंधळ होतो. पिकांची जाडी थाऊमध्ये सांगतात, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. १५ थाऊ म्हणजे साधारण ०.३८ मिमी, १८ म्हणजे ०.४६, आणि २५ म्हणजे ०.६४ मिमी. जाड पिक कणखर, वाकत नाही, हातात विश्वासाचा वाटतो, पण चावीची फट अरुंद किंवा वळणावळणाची असली की तो कडेला घासतो आणि तुम्हाला पिन जाणवतेय की फटीची भिंत जाणवतेय हेच कळत नाही. पातळ पिक कुठेही शिरतो पण जोर लावणाऱ्या हाताला तो लवकर वाकतो. परदेशात ज्या मास्टर लॉक नंबर ३ वर लोक सुरुवात करतात, ते पत्र्याचे थर रिव्हेट केलेलं ४ पिनांचं पॅडलॉक, त्याची फट ऐसपैस आहे, तिथे २५ मजेत चालतो. माझ्याकडच्या सिलिंडरची फट अरुंद आहे, तिथे १८ चा मधला हुक सगळ्यात जास्त वापरला जातोय. एकच जाडी घ्यायची असेल तर मी १८ सांगेन. हात हलका व्हायला पण तोच शिकवतो.

टेन्शनर! यावर मी कितीही बोलू शकतो. सगळे पिकांचे फोटो टाकतात आणि टेन्शनर कोपऱ्यात पडलेला असतो, पण कुलूप उघडण्यातलं निम्म्याहून जास्त काम तोच करतो. आतलं कारण समजलं की पटतं. सिलिंडरमध्ये पिनांची भोकं कागदावर एका रेषेत असतात, प्रत्यक्षात ड्रिल करताना केसभर इकडे-तिकडे होतातच. तुम्ही प्लगला, म्हणजे चावीबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागाला, हलकासा पीळ दिलात की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, जी सर्वात जास्त बाहेर आहे ती आधी अडकते. ती शोधायची, बरोबर शिअर लाइनपर्यंत (प्लग आणि बाहेरचं कवच यांच्यामधली रेष, जिथे खालची आणि वरची पिन वेगळ्या होतात) उचलायची, प्लग अगदी सूतभरसुद्धा नाही इतका फिरतो, मग पुढची अडकते. पूर्ण खेळ एवढाच आहे. आता पीळ जास्त झाला तर दोन-तीन पिना एकदम आवळल्या जातात आणि काही कळत नाही, कमी झाला तर बसवलेली पिन परत खाली. हे बोटाच्या टोकाला शिकायचं असतं आणि टेन्शनर फटीत सैल बसत असेल, डुगडुगत असेल, तर बोट काय शिकणार?

म्हणून रुंदी बरोबर हवी. दोन पद्धती आहेत, एकात एल आकाराचा टेन्शनर फटीच्या खालच्या बाजूला, पिनांच्या विरुद्ध, बसतो. दुसऱ्यात सरळ चपटी पट्टी पिनांच्याच बाजूला, फटीच्या तोंडाशी, घट्ट बसवतात. दुसरीत पिकाला खाली पूर्ण जागा मोकळी मिळते आणि माझ्या अनुभवात जाणीवही स्वच्छ येते. त्यासाठी ३० ते ५० थाऊ, म्हणजे ०.७६ ते १.२७ मिमी, या पल्ल्यातल्या चार पट्ट्या असल्या की बहुतेक कुलपांचं भागतं. आणि या विकतच घ्यायला पाहिजेत असं अजिबात नाही. गाडीच्या वायपरच्या रबरात ज्या स्टीलच्या लांब पट्ट्या असतात त्या गॅरेजवाला जुन्या वायपरबरोबर टाकूनच देतो, त्या मागून आणा, कापा, कानशीने रुंदी उतरवा, पकडीत धरून वाकवा. माझे दोन आवडते टेन्शनर असेच बनवलेत आणि विकतच्यांपेक्षा ते जास्त हातात असतात.

पॉलिश करणं विसरू नका. पिक नवा असला तरी ४०० चा पॉलिश पेपर, मग ८००, मग १०००, पाण्यात भिजवून, फक्त पिनेला आणि भिंतीला जिथे घासतो तेवढा भाग. फरक पहिल्याच कुलपात कळतो. हँडल वगैरे सवडीने, त्याला मी फार महत्त्व देत नाही.

रेकने कुलूप पटकन उघडतं, आनंद होतो, आणि तो आनंद घ्यावाच. पण रेकने उघडलेल्या कुलपातून मला फार काही कळलं नाही, कोणती पिन आधी अडकली हे सांगता येत नसेल तर ते कुलूप माझ्या यादीत मी धरत नाही.

पारदर्शक कुलपाबद्दल. आत काय घडतं ते डोळ्यांनी बघायला चांगलं, घरच्यांना समजावून सांगायला तर फारच चांगलं, माझ्या आईला पाच मिनिटांत शिअर लाइन समजली ती त्याच्यामुळे. पण भोकं इतकी सैल असतात की पिना खऱ्या कुलपासारख्या अडकतच नाहीत, आणि डोळ्यांना बघायची सवय लागते ती वेगळीच. एक दिवस बघा आणि ठेवून द्या. त्याऐवजी साधं सिलिंडर घेऊन पिना कमी करून सराव करा, मला आत्तापर्यंत सगळ्यात जास्त फायदा याचाच झालाय. मधल्या कॅमजवळची (चावीने फिरणाऱ्या दात्याजवळची) सर्क्लिप, म्हणजे प्लग धरून ठेवणारी गोल क्लिप, काढायची, चावी घालून प्लग थोडा फिरवायचा आणि प्लगच्याच जाडीची लाकडी काठी मागून लावून प्लग पुढे ढकलत बाहेर काढायचा, मध्ये फट पडू द्यायची नाही म्हणजे वरच्या पिना आणि स्प्रिंगा जागेवर राहतात. हे काम ताटात किंवा जुन्या टॉवेलवर करा, स्प्रिंग उडाली की घरभर शोधावी लागते. मग एकच पिन ठेवून परत जोडा. एका पिनेचं कुलूप हास्यास्पद वाटेल पण 'बसली' म्हणजे नक्की काय वाटतं, बोटाला येणारा तो बारीक टक्, तो तिथे निर्भेळ मिळतो. मग दोन, मग तीन.

तर प्रगती. पाचही पिना घालून सिलिंडर आता मी न बघता उघडतो, क्रमही पाठ झालाय, म्हणून आता पिनांची अदलाबदल करून परत जोडतोय. पितळी पॅडलॉकपैकी एक सरळ निघालं. दुसऱ्यात स्पूल पिन निघाली! म्हणजे वरची पिन मध्ये कंबरेसारखी बारीक केलेली. प्लग जरा जास्तच फिरतो, वाटतं उघडलं, आणि तिथेच अडतो. मग ती पिन उचलायला गेलं की प्लग उलटा ढकलतो, टेन्शनर धरलेल्या बोटाला मागे रेटल्यासारखं होतं, आणि तेव्हा हात आवळायचा नाही, सैल सोडायचा. पहिल्यांदा तो उलटा धक्का जाणवला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. एवढ्याशा पितळेत कोणीतरी आपल्यासाठी विचार करून ठेवलाय हे बोटाला कळणं, या छंदात मला जे आवडतं ते हेच.

धीर सुटत असेल त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. १८५१ मध्ये लंडनच्या ग्रेट एक्झिबिशनला अमेरिकेतून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला होता. आधी त्याने चब या इंग्लिश कुलूपवाल्यांचं डिटेक्टर लॉक उघडलं, आणि मग पिकाडिलीतल्या ब्रामा या दुसऱ्या कुलूपवाल्यांच्या दुकानात वर्षानुवर्षं २०० गिनींच्या आव्हानासह मांडलेलं कुलूप. ब्रामाच्या कुलपाला त्याला ५१ तास लागले, १६ दिवसांत विभागून. आज आपण वापरतो त्या चपट्या चावीच्या पिन टम्बलरचं लायनस येल ज्युनियरचं पेटंट त्यानंतर दहा वर्षांनी, १८६१ चं. आपल्याकडे अर्देशीर गोदरेजांनी मुंबईत कुलपं बनवायला सुरुवात केली ती १८९७ मध्ये. आणि दिंडीगुलच्या हातबनावटीच्या कुलपांना २०१९ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय, ती लिव्हरचीच, एक तरी जमवायचं आहे.

शेवटी नियम, आणि हे नवीन लोकांनी सेटच्याही आधी वाचावं. जगभर हा छंद करणारे दोन गोष्टी पाळतात. जे कुलूप आपलं नाही ते मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय हातात घ्यायचं नाही. आणि जे वापरात आहे ते, आपलं स्वतःचं असलं तरी, पिक करायचं नाही, कारण आत काही तुटलं तर तुम्ही दाराबाहेर. शेजारच्या काकूंची चावी हरवली की लोक हौसेने बोलावतात, मी नाही म्हणतो आणि चावीवाल्याचा नंबर देतो. आता कायदा, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १२२ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन योग्य कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे, आणि कारण योग्य आहे हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याची. त्यामुळे सेट बॅगेत टाकून फिरायचा नाही. माझा सेट, सरावाची सिलिंडरं, पिनांची डबी आणि नोंदवही एकाच खोक्यात, घरी. कोणाकडे भेटायला न्यायचा असेल तर दिवसाच, आणि आख्खं खोकं, म्हणजे बघणाऱ्याला सराव आहे हे लगेच दिसतं.

पुढच्या भागात स्पूलवाल्या पॅडलॉकची प्रत्येक पिन लिहून काढणार आहे, कोणती कधी अडकते, उलटा धक्का कुठे येतो, आणि १८ चा हुक व १५ चा हुक दोन्हींनी. वायपरच्या पट्टीतून ४० थाऊचा टेन्शनर कानशीने उतरवतानाचे फोटोही टाकतो, पट्टी कालच आणून ठेवलीय.