वेळापूरहून माघारी

वडिलांचा टाळ पिशवीत घालून आळंदीला निघालो तेव्हा आमच्या रानात ढेकळं तशीच होती. साल २०२३. मृग लागून गेला तरी आभाळात ढग नव्हता. बार्शीकडं आमची साडेचार एकर जमीन, त्यातली तीन एकर सोयाबीन-तुरीची. बी घरात आणून ठेवलेलं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघितली होती, ७८ उगवले होते. राहिली होती ती पेरणी.

आमच्याकडची रीत अशी, की पेरून मोकळं व्हायचं आणि मग वारीला निघायचं. वडिलांनी तीस वर्षं तसंच केलं. ते गेले आणि वारी माझ्याकडे आली. घरात चालत आलेली वारी खंडू द्यायची नसते, हे लहानपणापासून ऐकलेलं. बायको म्हणाली, "तुम्ही जावा. पाऊस आला तर बघू." आई दोन वर्षांपासून अंथरुणावर, मुलगा पुण्यात शिकायला. बघणार कोण, हे दोघांनाही माहीत होतं. पण बोललो नाही.

पुण्याचं, दिवे घाटाचं वर्णन करत बसत नाही. माझं मन तिथं नव्हतंच. वाल्ह्याहून निघून नीरेवर आलो. दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घातलं, लोकांनी नदीत उड्या घेतल्या, आणि आमच्या दिंडीतले निम्मे लोक हात जोडून झाल्यावर आभाळाकडे बघत होते. सगळे शेतकरीच. लातूर, परभणी, बीड, धाराशिव. विसाव्याला टेकलं, की भाकरी सोडायच्या आधी फोन निघायचे. "हाय का तिकडं?" एवढाच प्रश्न. कशाचं विचारताय हे सांगावं लागत नव्हतं.

आप्पा म्हणजे वडिलांचे वारीतले सोबती, वय पंच्याहत्तरच्या पुढं, आमच्या शेजारच्या गावचे. त्यांनी मला टाळ धरायला शिकवलं. घरी भजनात मी वाजवायचो, पण चालत, पाऊल टाकत, चार-चार तास वाजवणं वेगळं. "जोर लावू नको, लेका. आदळला तर तो रडतो. नुसता भेटव." वडिलांच्या टाळाची दोरी त्यांच्याच जुन्या धोतराच्या पट्टीनं गुंडाळलेली होती, घामानं काळी पडलेली. अंगठा टेकतो तिथं धातू झिजून गुळगुळीत झाला होता, आणि तो झिजलेला भाग माझ्या अंगठ्याला थोडा मोठा व्हायचा. लोणंदच्या पुढं अंगठ्याला घट्टा पडला. तरडगावच्या अलीकडे, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं, म्हणजे दुतर्फा वारकरी उभे आणि मधून घोडे धावतात ते. घोडे समोरून गेले तेव्हा मी टाळ वाजवतोय हेच विसरलो होतो. हात आपोआप चालत होते. इतकं हलकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस असे दिवस गेले, आणि मला खरोखर वाटू लागलं, की माझी जागा हीच. वाडा, बँकेचं कर्ज, आईचं औषध सगळं मागं राहिलं, आता पंढरी.

वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. मीही धावलो. पन्नाशीला आलेला माणूस गळ्यात टाळ घेऊन उतारावरून धावतोय, डोळ्याला पाणी लागलंय, शेजारी आप्पा झेंडेकऱ्याचा खांदा धरून जमेल तसे धावतायत. कळस काही दिसला नाही. पण धावताना मला शंकाही आली नाही.

तळावर पोचलो आणि बायकोचा फोन आला. "अवो, झाला. काल रात्री लय झाला. वीतभर ओल गेलीय." मग जरा थांबून, "या असं म्हणत नाही मी. नुसतं सांगितलं."

संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या तळावर जमतात. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांना सांगतो. हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार चोप वर धरतात आणि एका क्षणात सगळं शांत. मग ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातात, म्हणणं ऐकतात, सोडवतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्याची निघायची वेळ सांगतात, आणि आरती होते. त्या संध्याकाळी चोप वर गेला, सगळा तळ गप्प झाला, आणि माझ्या आत मात्र टाळ वाजतच होता. तक्रार नव्हती. मला कोणीतरी विचारायला यावं, एवढंच होतं.

रात्री तंबूत आप्पांना सांगितलं. सकाळी निघतो म्हटलं. ते उठून बसले.

"वारी मोडायची नसती."

"आप्पा, एकच पाऊस झालाय. सोयाबीनची पेर पंधरा जुलैच्या पुढं नेता येत नाही. हा वापसा, ही पेरणीजोगी ओल गेली तर पुढची कधी, कोणाला माहीत? आणि ट्रॅक्टरमागं चालायला घरात माणूस नाही."

"आता दोन मुक्काम ऱ्हायलेत. भंडीशेगाव, वाखरी. दोन मुक्काम, लेका."

मी गप्प बसलो. तेही पुढं बोलले नाहीत. मी टाळ त्यांच्यासमोर ठेवला, म्हटलं, हा तरी पंढरीला पोचू दे. त्यांनी तो उचलला, दोरी बोटांनी चाचपली आणि उशाला ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. पहाटे काकडा चालू असताना मी पिशवी उचलली.

अकलूजहून टेंभुर्णी, तिथून सोलापूरच्या बाजूची गाडी. खिडकीशी बसून मला लाज वाटत होती. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीत टोप्या आणि पताका, सगळ्यांची तोंडं पंढरीकडे, माझं एकट्याचं उलटं. अरणच्या फाट्याची हाळी कंडक्टरनं दिली आणि मी उतरलो. ठरवून नाही. पण पुढं जाववेना.

अरण हे सावता माळ्यांचं गाव. माढा तालुक्यात, पंढरपूरपासून फार लांब नाही. आणि सावतोबा कधी पंढरीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. मळा सोडला नाही. "कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी" हा अभंग आम्ही दिंडीत रोज म्हणत होतो. मी टाळ वाजवत होतो आणि शब्द कानांवरून जात होते. आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात. सावतोबांची जात नाही. उलट त्यांच्या पुण्यतिथीला, आषाढ वद्य चतुर्दशीच्या सोहळ्याला, पांडुरंगाची पालखी अरणला येते. १२९५ साली त्यांनी देह ठेवला, अजून देव मळ्यात येतो.

समाधीपाशी गर्दी नव्हती. सगळी माणसं वारीच्या वाटेवर. मी तिथं तासभर बसलो. सावतोबांचा आधार घेऊन घरी बसणारे लोक मला आवडत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. "आमचा विठोबा शेतातच" म्हणणं सोपं आहे, आणि म्हणणाऱ्यानं शेतात तरी देव बघितलेला असतो का, हा प्रश्न उरतोच. मी तोवर बघितला नव्हता. आमच्या भागातल्या तेरच्या गोरोबांचं, मंगळवेढ्याच्या चोखोबांचं नाव रोज घ्यायचो. पण चिखल तुडवताना, ओझी वाहताना त्या माणसांना काय दिसत असेल, याचा विचार कधी केला नव्हता. रान मला नेहमी कर्जाचा आकडा दिसायचं. पंधरा दिवस पायाला आणि हाताला जे वळण लागलं, ते घेऊन आता त्याच रानात जायचं होतं. वारी चाललो नसतो तर अरणला बसून मला काहीच कळलं नसतं. आणि माझी पेरणी ह्याच साली, ह्याच लांबलेल्या पावसात, अंथरुणावरच्या आईजवळ राहून व्हायची होती. दुसरी वेळ आणि दुसरी जागा मला दिलेली नव्हती. समाधीवर डोकं ठेवलं आणि निघालो. लाज गेली होती असं नाही. कमी झाली होती.

काळ्या रानाला वापसा यायला चार दिवस लागले. ट्रॅक्टरवाल्यांकडे रांग होती. आमचा नंबर आला तो नेमका २९ जूनला. त्या दिवशी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी होती. ट्रॅक्टरवाला आमच्याच गल्लीतला, म्हणाला, "नमाज झाली की येतो, काका. बी चोळून ठेवा." पहाटे मी आणि बायकोनं बियाला जिवाणू खत चोळून सावलीत पसरलं. दहाच्या सुमाराला तो नव्या कपड्यांत आला, सदरा काढून बाभळीला अडकवला आणि यंत्र जोडलं.

सोयाबीनचं बी दोन बोटांखाली गेलं तर उगवत नाही. म्हणून मागं माणूस लागतो. मी अनवाणी यंत्रामागं चालत होतो. दर दहा-वीस पावलांवर वाकायचं, तासात, म्हणजे फणानं पाडलेल्या ओळीत, बोट घालायचं, दाणा कुठं लागतो ते बघायचं. खोल वाटला की हात वर करायचा. मग तो थांबायचा आणि पान्यानं फण उचलायचा. उपास होता, ऊन होतं, आणि सहाही तास माझ्या तोंडात नाम होतं. मुद्दाम घेत नव्हतो. पाय पडले की येत होतं, चांदोबाच्या लिंबाला आलं होतं तसंच. बोट मातीत गेलं की थंड लागायचं. नीरेच्या पाण्यानंतर तसं थंड काही लागलं नव्हतं. दुपारी बायको भगर आणि दाण्याची आमटी घेऊन आली. आईनं घरून विचारलं होतं, पोचला का पंढरीला? बायकोनं सांगितलं होतं, पोचले.

आठव्या दिवशी सकाळी आप्पा आले. पौर्णिमेचा काला करून गावी परतले होते आणि तिथून चालत आमच्या रानात. मी बांधावर उभा होतो. वरची दोन एकर ओळीनं उगवली होती, पण खालच्या अंगाला, पाणी साचलं होतं तिथं, मोठमोठी मोकळी जागा, म्हणजे नांगं, दिसत होती. आप्पांनी झोळीतून टाळ काढून माझ्या हातात दिला. दोरीला नवी गाठ होती आणि बुक्का लागलेला. वेळापूरचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांनी बांधावर चपला काढल्या, धोतर खोचलं आणि रानात उतरले. खालच्या अंगाला जाऊन उकिडवे बसले, मातीचा पापुद्रा नखानं उचलून बघितला.

"नांगं लय पडलेत की रं. तुरीचं बी हाय का शिल्लक? खुरपं आण दोन."