३०४ की २०२? फ्लँजच्या कंटेनरवरून कस्टम्सशी झालेला वाद

भोसरीतून निघालेला आमचा निर्यातीचा कंटेनर आयसीडीत, म्हणजे बंदराबाहेरच्या कस्टम्सच्या कंटेनर डेपोत, अडकला. शिपिंग बिलात (निर्यातीच्या घोषणापत्रात) फ्लँज, म्हणजे पाइप जोडायच्या चकत्या, एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चे, आणि तपासणीतल्या गनवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या हातातल्या एक्स-रे यंत्रावर, निकेल कमी. मग आरोप ठरलेलाच: माल २०२ या स्वस्त स्टीलचा, ड्रॉबॅकसाठी (निर्यातीवर परत मिळणाऱ्या शुल्कासाठी) किंमत फुगवली, कस्टम्स कायद्याच्या कलम ११३(आय) खाली जप्तीयोग्य.

सिद्ध करायची जबाबदारी खात्याची असते. कलम १२३ चा उलटा भार सोनं, घड्याळं अशा मालाला आहे, फ्लँजला नाही. पण त्या भरवशावर गप्प बसलं की गनचा आकडाच पुरावा होऊन बसतो.

खरी लढाई सॅम्पलची. ३०४ मध्ये निकेल ८ ते १०.५ टक्के, २०२ मध्ये ४ ते ६. त्याहून मोठा चुगलखोर मँगनीज: ३०४ मध्ये कमाल २ टक्के, २०२ मध्ये ७.५ ते १०. म्हणून एकट्या निकेलवर बोलूच दिलं नाही, पूर्ण केमिस्ट्री मागितली. गन फक्त वरचा थर वाचते. स्केल किंवा ग्रीस असलं की आकडा हलतो. घासलेल्या पृष्ठभागावर स्पेक्ट्रो (ठिणगी पाडून घटक मोजणारी चाचणी) घेतला की वाद बराच मिटतो.

नग कोणत्या पेटीतला, त्यावर ठोकलेला हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या स्टीलच्या घाण्याचा क्रमांक) काय, सीलवर सह्या कोणाच्या, हे पंचनाम्यातच लिहून घेतलं. हीट नंबर नसेल तर तो नग एमटीसीशी (स्टील मिलच्या चाचणी सर्टिफिकेटशी) जोडता येत नाही, मग सर्टिफिकेट कितीही चोख असो. प्रत्येक हीटचा वेगळा नग काढायला लावला. एका पेटीवरून अख्खा कंटेनर दोषी ठरवणं तिथे सर्रास चालतं.

लॅब रिपोर्ट विरोधात आला तर फेरचाचणीचा अर्ज दहा दिवसांत द्यायचा असतो. आम्ही अर्ज रिपोर्ट हातात पडताच दिला.

कलम १०८ च्या जबाबाला (अधिकाऱ्यापुढच्या चौकशीला) डिस्पॅचचा माणूस जातो आणि घाबरून म्हणतो, ‘माल मिक्स झाला असेल.’ तेच वाक्य कारणे दाखवा नोटिशीत पहिल्या पानावर येतं. जे माहीत नाही, ते ‘माहीत नाही’ असंच लिहून द्यावं. खात्याच्या साक्षीदाराची उलटतपासणी हवी असेल, तर ती नोटिशीच्या उत्तरातच लेखी मागायची.

किंमत खरी आहे हे दाखवायला खरेदीदाराची पीओ (खरेदी ऑर्डर) आणि त्याच ग्राहकाच्या आधीच्या शिपमेंटची ईबीआरसी (निर्यातीचे पैसे आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र) जोडली. २००७ च्या निर्यात मूल्यांकन नियमांतल्या नियम ८ खाली किंमत नाकारायची तर खात्याला आधी कारण द्यावं लागतं.

फेरचाचणीत ३०४ निघालं, आरोप गळाला. ड्रॉबॅक मात्र आपोआप सुटला नाही; आदेशाची प्रत जोडून वेगळा पाठपुरावा करावा लागला. आदेश उलटा गेला असता तर ६० दिवसांत अपील आणि दंडाच्या ७.५ टक्के रक्कम आधी भरणं, हा रस्ता होता.